लाईन, उन्हाळा आणि रास्पबेरी पाय: गावच्या घरात होम असिस्टंट बसवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, चालू होऊन हा तिसरा उन्हाळा. तेव्हापासून फोनवर, लग्नाच्या पंगतीत, कृषी केंद्राच्या बाकड्यावर तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, डोकं खाणारे नंतर. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, मोबाईलवरून बल्ब तर आताही लागतो. मग हे वेगळं काय?

तुमचा बल्ब सध्या कंपनीच्या सर्व्हरला विचारून लागतो. तुम्ही गोठ्यात, बल्ब ओसरीत, आणि हुकूम मात्र कुठल्या कुठे जाऊन परत येतो. टॉवर गेला की बल्ब बहिरा. होम असिस्टंटमध्ये हा कारभारी घरातच बसवायचा असतो. पाय या एटीएम कार्डाएवढ्या कॉम्प्युटरवर तो चालतो आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, प्लग, सेन्सर एकाच पाटीवर आणतो. २०१३ मध्ये पॉलस शाउटसेन यांनी हे काम सुरू केलं. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे.

तुमच्याकडे दोनच बल्ब असतील आणि बदलायचं काही मनात नसेल, तर हे लचांड मागे लावून घेऊ नका. हे मी खरंच सांगतोय.

२. कोणता पाय घेऊ? पुतण्याचा जुना पाय ३ पडून आहे, चालेल का?

पाय ४ किंवा पाय ५, रॅम किमान २ जीबी. जास्तीचे पैसे असतील तर ४ जीबी. पाय ३ मध्ये १ जीबीच रॅम असते. सुरू होईल, चार दिवे चालवेल, पण अपडेटच्या वेळी धापा टाकेल. शिकायला घ्या, घर त्याच्या भरवशावर सोडू नका. त्याहून जुने, ३२ बिटवाले पाय घेऊच नका. त्यांचा आधार काढून घेत असल्याचं होम असिस्टंटनं २०२५ मध्येच जाहीर केलं आहे.

३. पायसोबत आणखी काय काय लागतं?

चांगल्या कंपनीचं ३२ जीबी मेमरी कार्ड, लॅन केबल, डबी आणि चार्जर. सगळी गडबड चार्जरमध्ये होते. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाईलच्या चार्जरवर "फास्ट" लिहिलेलं असतं, पण ते ९ किंवा १२ व्होल्टवर फास्ट असतात. ५ व्होल्टवर बरेच जण २ अँपिअरच देतात. पाय चालू होतो, दोन दिवस नीट वागतो, मग अधूनमधून आपोआप बंद-चालू होऊ लागतो आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो. होम असिस्टंटमध्ये व्होल्टेज कमी पडत असल्याची सूचना येते. ती आली की आधी चार्जर बदला.

४. घरी कॉम्प्युटर नाही. कार्ड कसं भरायचं?

तालुक्याच्या सेतू केंद्रात किंवा कॉलेजात जाणाऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर एकदाच बसा. रास्पबेरी पाय इमेजर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात आपलं पाय मॉडेल निवडायचं, विशेष कामाच्या यादीत होम असिस्टंट शोधायचं, कार्ड निवडून लिहायचं. त्यानंतर कॉम्प्युटरचं काम संपलं, पुढचं सगळं मोबाईलवरून होतं.

पहिल्यांदा चालू करताना पाय राउटरला लॅन केबलनंच जोडा. वायफायचा पासवर्ड त्याला अजून माहीतच नसतो. फक्त मोबाईलचं हॉटस्पॉट असेल तर अडचण होईल. सिमकार्डवर चालणारा, लॅनचं भोक असलेला राउटर घ्या. पहिल्या वेळी तो बरंच काही उतरवून घेतो. चांगल्या नेटवर वीसेक मिनिटं. आमच्याकडे संध्याकाळी सात वाजता लावला तेव्हा जेवणं होऊन भांडी घासली गेली तरी चाक फिरतच होतं. मध्येच बंद करू नका.

५. पत्ता टाकला तरी पान उघडत नाही.

पत्ता आहे होमअसिस्टंट डॉट लोकल, मग अपूर्णविराम, मग ८१२३. इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचा. हसू नका, मराठी कीबोर्डवर आकडे टाकून अडकलेले तिघे मला माहीत आहेत. तरी उघडलं नाही तर मोबाईलचा डेटा बंद करा, फोन त्याच राउटरच्या वायफायवर आहे का ते बघा, आणि सुरुवातीला एचटीटीपीएस न लावता साधं एचटीटीपी लावा. काही फोनना "लोकल"वाले पत्ते कळतच नाहीत. मग राउटरच्या पानावर पायला मिळालेला आयपी क्रमांक बघून तोच टाका, आणि तो क्रमांक पायसाठी राखून ठेवायची सोय राउटरमध्ये असते ती करून घ्या.

६. इंटरनेट नसलं तर सगळं बंद पडेल का?

घरातल्या घरात नाही. राउटर चालू असला की फोन, पाय आणि दिवे एकमेकांशी बोलतात. बंद पडतं ते बाहेरून बघणं (प्रश्न १४), टेलिग्रामवरचे निरोप, हवामानाचा अंदाज आणि कंपनीच्या सर्व्हरशिवाय न चालणारी उपकरणं. म्हणून विकत घेताना "इंटरनेटशिवाय चालतं का" हा एकच प्रश्न विचारा. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर ईएसपीहोम किंवा टास्मोटा (कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालवणारी फुकट सॉफ्टवेअरं) टाकता येणारी वस्तू शोधा.

७. आमच्याकडे लाईन दिवसातून चारदा जाते. काय करायचं?

गावात हे सगळं टिकतं की नाही ते याच प्रश्नावर ठरतं. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाय आणि राउटर दोन्ही बॅटरीवर हवेत. नुसता पाय चालू ठेवून उपयोग नाही, तो कुणाशी बोलणार? घरात इन्व्हर्टर असेल तर दोघांचे प्लग इन्व्हर्टरच्या लाईनीवर घ्या. मात्र लाईन जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात काही चार्जर मान टाकतात. लाईन गेली की पाय दरवेळी नव्याने सुरू होत असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर टाका.

इन्व्हर्टर नसेल तर हिशोब करा. पाय ४ साधारण ३ ते ५ वॅट खातो, छोटा राउटर ५ ते ८. दोघांचे १० धरा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर ८४ वॅट-अवर असतात. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी तळापर्यंत उपसली तर ती लवकर मरते. अर्धीच वापरायची धरली तर चार तास. राउटर १२ व्होल्टचा असेल तर थेट, आणि पायसाठी १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर. तो बसवण्याआधी मल्टिमीटरनं ५.१ व्होल्ट लावून घ्या. स्क्रू फिरवायचा राहिला आणि १२ व्होल्ट पायमध्ये गेले तर वासही येत नाही, नुसता दिवा विझतो. मला माहीत आहे.

लाईन परत आल्यावर होणारा घोळ वेगळा आहे. तो प्रश्न १५ आणि १६ मध्ये.

८. मेमरी कार्ड किती दिवस टिकतं?

माझं पहिलं चार महिने टिकलं. चूक माझीच. आमच्याकडे व्होल्टेज कधी १७० तर कधी २५०, ते मला बघायचं होतं. म्हणून दर सेकंदाला व्होल्टेजची नोंद ठेवणारा सेन्सर लावला. होम असिस्टंट प्रत्येक बदल कार्डावर लिहितो. रात्रंदिवस लिहून लिहून कार्ड झिजलं. एका सकाळी पाय उठलाच नाही. बॅकअप होता. त्याच कार्डावर.

आता तीन गोष्टी पाळतो. व्होल्टेजसारखे सेन्सर मिनिटाला एकदाच बोलतात. ज्यांचा इतिहास बघायचाच नाही त्यांना रेकॉर्डरमधून (नोंदी लिहिणारा भाग) वगळलं आहे. (नोंदी मुळात १० दिवसच ठेवल्या जातात, तेवढ्या पुरतात.) आणि बॅकअप रोज रात्री गूगल ड्राइव्हवर जातो. २०२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून बॅकअपची सोय सुधारली आहे, पण तो बॅकअप कुलूपबंद असतो आणि किल्ली तुमच्याकडे असते. ती किल्ली वहीत उतरवा. पायमध्येच ठेवली तर माझ्या बॅकअपची गत.

जमलं तर कार्डाऐवजी यूएसबीवर एसएसडी लावा. मग प्रश्न १० जरूर वाचा.

९. मे महिन्यात पाय तापून मरेल का?

मरत नाही, मंद होतो. ८० अंशांना तो आपला वेग उतरवायला लागतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे बाहेरच ४५ च्या वर पारा असतो. टिनाखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तिथे बंद प्लास्टिक डबीत ठेवलेला पाय दुपारी बारालाच हाशहुश करतो. जाड मातीच्या भिंतीची खोली असेल तर तीच उत्तम, धान्याच्या कोठीजवळची. फक्त उंदरांचं बघा. अ‍ॅल्युमिनियमची, पंखा नसलेली डबी घ्या. पंखा वर्षभरात पऱ्हाटीच्या धुळीनं भरतो.

१०. वायफायचं सामान घेऊ की झिगबीचं?

दिवे, प्लग यांना वायफाय चालतं. दार, तापमान, हालचाल ओळखणाऱ्या बॅटरीवरच्या सेन्सरना झिगबी (कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत), कारण ते छोट्या सेलवर महिनोन् महिने चालतात. झिगबीसाठी पायला यूएसबी डोंगल लागतो. तो निळ्या यूएसबी ३ भोकात थेट खुपसू नका, आणि शेजारी एसएसडी असेल तर मुळीच नाही. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो आणि झिगबी तिथेच बोलतं. मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून काळ्या भोकात जोडा. "सेन्सर सापडत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या फोनांचं उत्तर ही वायर आहे.

आणखी एक खोड: विजेवर चालणारे झिगबी प्लग दूरच्या सेन्सरचा निरोप पुढे नेतात. लाईन गेली की ते प्लग मरतात आणि गोठ्यातला सेन्सर बॅटरी भरलेली असूनही गायब होतो. मधला एक प्लग इन्व्हर्टरच्या लाईनीवर ठेवा. आणि टिनाच्या पत्र्याआडून काहीच नीट जात नाही, ना वायफाय ना झिगबी.

११. कूलर आपोआप चालवता येतो का?

विदर्भात पहिला खरा उपयोग हाच. पंखा आणि पाण्याचा पंप वेगवेगळ्या रिलेवर (पायच्या हुकमानं चालू-बंद होणारा स्विच) घ्या, मग मजा आहे. माझ्याकडे पंप आधी दहा मिनिटं चालतो, ताट्या ओल्या होतात, मग पंखा. पहिला गरम झोत अंगावर येतच नाही. पहाटे तीनला पंप बंद, पंखा चालूच. नाहीतर सकाळी अंथरूण ओलसर आणि पोरांना सर्दी. मृगाचा पाऊस पडला की आर्द्रता वाढते आणि कूलर नुसता चिकचिकाट करतो. म्हणून आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की पंप लागतच नाही. सेन्सर कूलरच्या झोतात लावू नका, पलंगाच्या उशाशी भिंतीवर लावा. टाकीत फ्लोट स्विच टाका, म्हणजे पाणी संपल्यावर पंप कोरडा चालून जळणार नाही.

आता गंभीर. लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. ऑटोमेशनमुळे धोका वाढतो, कारण बंद दिसणारा कूलर कुणी पाणी भरत असतानाच आपोआप सुरू होऊ शकतो. फोनवर "बंद" दिसणं म्हणजे बंद नव्हे. पाणी भरताना प्लग काढायचा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर कूलर ऑटोमेशनला लावूच नका.

१२. वावरातली मोटर घरून चालू करता येईल का? रात्रीच्या पाळीत जाणं जिवावर येतं.

येतं हे खरंच. साप, रानडुक्कर, चंद्रपूरकडे तर वाघ. म्हणून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मी सगळ्यात जास्त "थांबा" यालाच म्हणतो.

पाच एचपीची मोटर स्मार्ट प्लगवर किंवा निळ्या रिलेवर थेट चालवायची नाही. सुरू होताना ती चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. रिलेचे काटे चिकटतात आणि मग मोटर बंदच होत नाही. मोटर स्टार्टरनंच चालू-बंद करायची. आपण फक्त बटनाचं बोट व्हायचं: एक रिले हिरव्या बटनाला समांतर, एक-दोन सेकंदच लागणारा. दुसरा लाल बटनाच्या वायरीत, क्षणभर तोडणारा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर थांबवणारा), ओव्हरलोड आणि ड्राय रन (पाण्याविना चालणं) यांचं संरक्षण स्टार्टरमध्येच राहू द्या. ते पायच्या हाती द्यायचं नाही, कारण पाय लटकू शकतो. हे काम वायरमनकडून करून घ्या.

"लाईन आली की मोटर लगेच लागली पाहिजे" असा नियम करू नका. महावितरण ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा असं वर्षानुवर्षं सांगतं, त्याचं कारण डीपी आहे. लाईन येताच सगळ्या वावरांतल्या मोटारी एकदम उठल्या की ट्रान्सफॉर्मरवर लोड येतो आणि डीपी जळते. मग भर ओलिताच्या दिवसांत सगळे बसतात वाट बघत. नियमात २ ते १५ मिनिटांचा, दर वेळी वेगळा उशीर टाका.

आणि फक्त चालू-बंद एवढंच हवं असेल तर बाजारात सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर मिळतो. तो घ्या. त्यासाठी पाय नको.

१३. वावर दीड किलोमीटरवर आहे, वायफाय पोचत नाही.

पोचणारही नाही. लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेवर चालणारा रेडिओ) वापरा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, म्हणून ८६८ चं लिहिलेलं मॉड्यूल घेऊन या पट्ट्यावर लावा. ९१५ वालं नको. अँटेना विहिरीच्या काठावर नाही, उंच बांबूवर. उन्हाळ्यात मोकळ्या रानात चाचणी करून खूश होऊ नका, दिवाळीत तूर डोक्याच्या वर गेली की पुन्हा बघा. आधी फक्त वाचा: लाईन आहे का, मोटर चालू आहे का. एवढं जरी घरी कळलं तरी अर्ध्या चकरा वाचतात. हुकूम पाठवणं त्यानंतर, प्रश्न १२ च्या अटींवर.

१४. मुलगा पुण्याला असतो. त्याला तिथून दिसेल का?

दिसेल. पण यूट्यूबवर सांगतात तसं पोर्ट (राउटरमधली बाहेरून आत यायची वाट) उघडून बहुधा नाही. सिमकार्डच्या नेटवर शेकडो ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्याआड असतात, त्यामुळे बाहेरून आत यायला वाटच नसते. दोन रस्ते आहेत. टेलस्केल अ‍ॅड-ऑन, म्हणजे घर आणि बाहेरचा फोन खासगी वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर, घरगुती वापराला फुकट. किंवा नाबू कासा या कंपनीची महिन्याच्या वर्गणीची सेवा, जिच्यात डोकं लावावं लागत नाही. मुलगा स्वतः बसवणार असेल तर पहिला, नसेल तर दुसरा.

१५. रात्री दोनला लाईन येते आणि घरातले सगळे दिवे लागतात!

बल्ब किंवा प्लगच्या सेटिंगमध्ये "वीज परत आल्यावर काय करायचं" असा पर्याय असतो. दिव्यांना "आधी होतं तसं", कूलर आणि मोटरच्या प्लगना "बंद". ही सोयच नसलेला प्लग स्वस्तात मिळाला तरी महाग.

१६. लाईन आल्यावर ऑटोमेशन भलत्याच वेळी चालतं.

पाय ४ मध्ये बंद असताना चालणारं घड्याळ नाही. नेट मिळालं की तो वेळ विचारून घेतो. पण लाईन दुपारी चारला गेली, नऊला आली आणि टॉवरही बंद, तर पाय समजतो अजून चारच वाजलेत. आमच्या अंगणातला दिवा एकदा मध्यरात्रीनंतर "संध्याकाळ झाली" म्हणून लागला होता. सोपा इलाज प्रश्न ७ चा: पाय बंदच पडू देऊ नका. पाय ५ च्या बोर्डावर घड्याळ आहे, फक्त त्याची छोटी बॅटरी वेगळी घ्यावी लागते. पाय ४ ला डीएस३२३१ नावाचं मॉड्यूल लावता येतं, थोडी खटपट आहे. अंगणाच्या दिव्यासाठी मी वेळेचा नादच सोडला, उजेडाचा सेन्सर लावला.

१७. विजा कडकडल्या की काय काढायचं?

लाईनीचे प्लग आणि बाहेरून येणारी प्रत्येक तार: नेटची, कॅमेऱ्याची. राउटर बहुतेक वेळा लॅनच्या वायरीतून जळतो. गोठ्यापर्यंत लॅन ओढली असेल तर तिथे फायबर किंवा वायफाय करा. पाय बॅटरीवर चालू राहू द्या.

१८. आजीला मोबाईल जमत नाही. तिनं काय करायचं?

भिंतीवरचं बटन दाबायचं, जसं आजवर दाबलं तसं. स्मार्ट बल्ब लावून बटनावर चिकटपट्टी मारणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तीच घरं सहा महिन्यांत सगळं काढून ठेवतात. बल्ब साधाच ठेवा, बोर्डामागे रिले बसवा, बटन त्या रिलेला जोडा. पाय मेला, राउटर मेला तरी बटन चाललं पाहिजे. रिलेला न्यूट्रल लागतो. बोर्डावर प्लगची जागा असेल तर न्यूट्रल आत असतोच. आणि बोर्डाची भोकं बुजवा. आमच्याकडे एका रिलेत पाल शिरून दोन टोकांवर आडवी झाली होती. दिवा गेला, पालही गेली.

१९. मराठीत बोलून चालेल का?

व्हिस्परला (बोलणं ऐकून अक्षरांत उतरवणारं सॉफ्टवेअर) मराठी कळते, पण पायवर एक वाक्य समजायला त्याला काही सेकंद लागतात, आणि "लाईट लाव ना बे" त्याला अजून शिकायचं आहे. तोवर बटन.

२०. दर महिन्याला अपडेट येतं. टाकू का?

लगेच नको. नव्या आवृत्तीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुरुस्त्या येतात, त्या आल्यावर टाका. आधी बॅकअप (प्रश्न ८). आणि लाईन जायच्या वेळेला कधीच नाही.

२१. तुम्ही येऊन बसवून द्याल का?

आर्वीच्या आसपास असाल तर येईन, चहावर. पेरणी आणि कापूस वेचणीचे दिवस सोडून. यायच्या आधी चार्जरवरचे आकडे आणि मीटरजवळच्या बोर्डाचा फोटो पाठवा. अर्थिंग नसेल तर आधी वायरमनला बोलवा, मग मला.